शुक्रवारी संध्याकाळी विहीणबाईंकडे जाताना

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलाने ऑफिसमधल्या मैत्रिणीशी लग्न ठरवलंय. मुलगी ठाण्याची, घरी मराठी बोलणारी, धर्माने ज्यू, म्हणजे बेने इस्राएल समाजातली. ताई लिहितात: "मुलगी मला मनापासून आवडली आहे. पण नातेवाईक विचारतात, ही ख्रिश्चन की मुसलमान? मला धड उत्तर देता येत नाही. तिच्या आईने येत्या शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलावलंय. जाताना पेढे न्यावेत, ओटीचं सामान न्यावं, की काहीच नेऊ नये? लग्नानंतर ती आमच्या गणपतीत मिसळेल ना? माझ्या मुलाला धर्म बदलावा लागेल का? नातवंडांचं काय? तिचे वडील आमच्याशी नीट बोलतात, पण लग्नाचा विषय निघाला की गप्प होतात. आजोबा फार थकलेत, म्हणून त्यांना लग्न लवकर व्हावं असं वाटतं. मला कुणाला दुखवायचं नाही, पण कुठे दुखेल तेच मला ठाऊक नाही."

प्रिय ताई,

नातेवाइकांचं आधी उरकून टाकू. मुलगी ख्रिश्चनही नाही आणि मुसलमानही नाही. ज्यू धर्म या दोन्हींच्या आधीचा. अब्राहाम हा त्यांचा मूळपुरुष, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून लोकांना सोडवून आणणारा मोशे हा त्यांचा सर्वांत मोठा संदेष्टा, आणि सीनाय पर्वतावर देवाने मोशेच्या हाती नियमशास्त्र दिलं ही त्यांची श्रद्धा. येशूला ते देव मानत नाहीत. त्यांचा मसीहा, म्हणजे देव पाठवणार असलेला तारणहार, अजून यायचा आहे. कुणी फारच खोलात शिरलं तर सांगा, की महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे आणि ठाण्यात त्यांचं प्रार्थनामंदिर (सिनेगॉग) १८७९ पासून उभं आहे. परकं कुणी आपल्या घरात येतंय, असा सूर लावण्याचं काहीच कारण नाही.

माझं लहानपण अलिबागला गेलं, त्यामुळे या समाजाबद्दल मला आतून जिव्हाळा आहे. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. हे कधी घडलं यावर इतिहासकारांत एकमत नाही. पुढे ही माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवली गेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावं तिथलीच. शेकडो वर्षं त्यांच्याकडे ना धर्मग्रंथ होते, ना हिब्रू येणारं कुणी. तरीही शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही उपास आणि 'शेमा' नावाच्या प्रार्थनेची सुरुवात, एवढं त्यांनी सोडलं नाही. बाहेरच्या ज्यूंनी त्यांना ज्यू म्हणून ओळखलं ते यावरूनच.

ही हकिगत मुद्दाम सांगितली. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. ज्यू धर्म मुख्यतः पाळण्यात आहे. कशावर विश्वास ठेवायचा याची यादी अगदी आटोपशीर. देव एक आहे, त्याला रूप नाही, मूर्ती नाही, त्याच्या आणि माणसाच्या मधे कुणी मध्यस्थ नाही. 'शेमा'चं पहिलं वाक्य हेच सांगतं: हे इस्राएला ऐक, परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एकच आहे. बाराव्या शतकात मायमोनिदेस या पंडिताने श्रद्धेची तेरा सूत्रं मांडली. ती मान्यता पावली, पण ती म्हटल्याशिवाय कुणी ज्यू होत नाही असं कधी नव्हतं. मेल्यानंतर काय होतं यावरही त्यांच्यात नाना मतं आहेत आणि त्यावर फार वेळ कुणी घालवत नाही. करायचं काय, हे मात्र बारकाईने सांगितलेलं आहे. मोशेच्या पाच पुस्तकांना तोरा म्हणतात. परंपरेने त्यात ६१३ आज्ञा मोजल्या आहेत, २४८ 'कर' म्हणणाऱ्या आणि ३६५ 'करू नकोस' म्हणणाऱ्या. त्या रोजच्या जगण्यात कशा बसवायच्या याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खल म्हणजे तालमूद. आता सगळ्याच आज्ञा पाळता येत नाहीत, कारण कितीतरी जेरुसलेमच्या मंदिराशी बांधलेल्या आहेत आणि ते मंदिर रोमनांनी सन ७० मध्ये पाडलं.

तेव्हा होणाऱ्या सुनेला "तुमचा देव कोणता, तुम्ही काय मानता?" असं विचारू नका. "तू काय काय पाळतेस?" असं विचारा. दोन ज्यू घरांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. एका घरात शनिवारी दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत, दुसऱ्या घरात मेणबत्त्या लावून झाल्या की टीव्ही चालू. दोघंही स्वतःला तितकेच ज्यू समजतात, आणि कोण खरा हे ठरवणं आपलं काम नाही.

आता शुक्रवार. त्या घरी तुम्हाला शुक्रवारीच बोलावलंय हा मान आहे, तो ओळखा. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसले की संपतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यायचा. मालकाने, नोकराने, गुराढोरांनीसुद्धा. जगातल्या कष्टकऱ्यांना आठवड्यातून एक हक्काची सुटी मिळाली, तिच्या मुळाशी ही कल्पना आहे, आणि मला ती या धर्माची सर्वांत मोठी देणगी वाटते.

सूर्यास्ताच्या आत पोचा. ठाण्याचं ट्रॅफिक धरून निघा, कारण घरची बाई सूर्यास्ताच्या थोडं आधी दिवे लावते आणि ती वेळ कुणासाठी थांबत नाही. आत शिरताना दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक डबी ठोकलेली दिसेल. ती मझुझा. आत चामड्याच्या पातळ तुकड्यावर हाताने लिहिलेला 'शेमा' असतो. घरातली माणसं जाता-येता तिला बोटं लावून ती ओठांना टेकवतात. तुम्ही तसं करायची गरज नाही, फक्त तिच्यावर पर्स किंवा पिशवी अडकवू नका.

दिवे लागले की विहीणबाई त्यांच्यावरून हात फिरवून डोळे झाकतील आणि आशीर्वचन म्हणतील. काही घरांत आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद देतात. मग किद्दूश, म्हणजे पेल्यावर म्हणायचं शब्बाथचं आशीर्वचन. इतर देशांत त्यासाठी द्राक्षाची वाइन घेतात; आपल्या बेने इस्राएल घरांत मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत असतं. गडद तपकिरी, गोड, किंचित तुरट. घरचा कर्ता पेला हातात धरून ते म्हणतो आणि सगळे 'आमेन' म्हणून घोट घेतात. त्यानंतर हात धुतात. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: हात धुतल्यापासून पावाचा पहिला घास पोटात जाईपर्यंत ते बोलत नाहीत. समोरचा एकदम गप्प झाला म्हणून तुम्ही "काय झालं हो?" असं विचाराल आणि बिचाऱ्याला खुणा करत बसावं लागेल. पाव मिठाला लावून देतील तो घ्या आणि मग गप्पांना सुरुवात करा.

फोन पर्समध्ये राहू द्या. फोटो काढायचा मोह होईल, पण त्या रात्री नको. शनिवारी सकाळी "जेवण छान होतं" असं सांगायला फोन करू नका, रविवारी करा.

पेढे नेऊ नका. ज्यू लोक मांस आणि दूध एकत्र खात नाहीत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तोरात तीनदा आली आहे. शुक्रवारच्या जेवणात बहुधा कोंबडी किंवा मटण असेल, त्यामुळे त्यानंतर पेढे, बासुंदी, आइस्क्रीम, इतकंच काय दुधाचा चहाही काही तास चालत नाही. कोकणातल्या या बायकांनी त्यावर नारळाच्या दुधाची युक्ती शोधली. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, आणि नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात त्यातही नारळाचंच दूध. तो हलवा तासन्‌तास ढवळावा लागतो, थापून वड्या पाडल्या की वरून बदाम-पिस्ते. कधी मिळाला तर सोडू नका. तुम्ही मात्र चांगली फळं न्या, सोबत बदाम-काजू न्या. फुलंही चालतील. वाइनची बाटली नको, तिचे नियम वेगळे आहेत. ओटीचं सामान नेण्याआधी विहीणबाईंना सरळ फोन करून विचारा. बेने इस्राएल बायकांनी मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, लग्नाआधीची मेंदी हे सगळं इथलंच मानलं आहे, त्यामुळे "विचारलंत ते बरं केलंत" असंच त्या म्हणतील.

ती तुमच्या घरी जेवायला येईल तेव्हा काय? चतुष्पाद प्राण्यांत ज्याचे खूर दुभंगलेले आणि जो रवंथ करतो तोच चालतो, म्हणून बकरी चालते, डुक्कर नाही. जनावर किंवा कोंबडी त्यांच्या शोहेतने, म्हणजे त्या कामासाठी नेमलेल्या जाणत्या माणसाने, नियमाप्रमाणे कापलेली हवी आणि रक्त काढून टाकलेलं हवं. माशांत पर आणि खवले दोन्ही लागतात. सुरमई, रावस, पापलेट, बांगडा खुशाल करा. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं, माकुल यातलं काही नको. सगळ्यांत सोपा मार्ग तुमच्या हातात आहेच: शाकाहारी स्वयंपाक. घर फार कडक पाळणारं असेल तर तुमच्या भांड्यांचाही प्रश्न येईल. ज्या घरात सोवळ्याची भांडी वेगळी असायची त्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागू नये. ती म्हणाली तर तिच्यासाठी दोन नवी पातेली आणून ठेवा.

गणपतीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण खरं दुखण्याची जागा हीच आहे. दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा मूर्तीपूजेच्या विरुद्ध आहे, आणि त्या धर्मात तिच्याइतकं कडक दुसरं फार थोडं आहे. तुमच्या श्रद्धेचा अपमान करायचा म्हणून ती हात जोडणार नाही असं नव्हे. तिच्या धर्माचा पायाच तो आहे. ती मखराला कागद कापून देईल, पाहुण्यांना वाढेल, मोदकांच्या कळ्या तुमच्यापेक्षा सुबक पाडेल. आरतीचं ताट मात्र तिच्या हातात देऊ नका. सगळ्या नातेवाइकांसमोर तर मुळीच नको. देवापुढे ठेवलेला नैवेद्यही त्यांच्या नियमात बसत नाही, तेव्हा चार मोदक आधीच बाजूला काढून ठेवा. नैवेद्याआधी आपण उष्टं करत नाही, पण बाजूला काढणं म्हणजे उष्टं करणं नव्हे. ती स्वतःहून आरतीला उभी राहिली तर तो तिचा निर्णय. तिची परीक्षा घेतल्यासारखं कुणी वागू नये एवढं तुम्ही बघा.

तसंच पत्रिकेवरच्या आणि रांगोळीतल्या स्वस्तिकाचं. इथल्या ज्यूंना आपलं स्वस्तिक माहीत आहे, ते त्याने बिचकत नाहीत. पण तिचे इस्राएलहून येणारे मामा-मावशी असतील, किंवा त्यांच्या मुलांनी युरोपातल्या ज्यू घरांत लग्नं केली असतील, तर त्यांना ते चिन्ह बघून नाझींनी मारलेले साठ लाख आठवतील. पत्रिकेवर कमळ किंवा कलश घ्या.

सणांचा धावता हिशेब देते. त्यांचे महिने चंद्राचे, आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्यातही १९ वर्षांत सात वेळा जादा महिना येतो, म्हणून सण दरवर्षी मागेपुढे होतात. भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला नवं वर्ष, रोश हशाना. तो दिवस धरून दहाव्या दिवशी योम किप्पूर, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याचा दिवस. पंचवीस तास पाण्याचा थेंबही नाही. बेने इस्राएल घरांत याला जुन्या पिढीकडून 'दारफळणीचा सण' असं नाव आहे, कारण दारं लावून माणसं आत बसायची. देवाची क्षमा मागण्याआधी माणसांची मागायची असते. त्या दिवसांत सून तुमच्याकडे येऊन "काही चुकलं असेल तर माफ करा" म्हणाली तर घाबरू नका, भांडण झालेलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पेसाह येतो, मिसरमधून सुटकेचा सण. आठ दिवस घरात फुगलेलं, आंबवलेलं गव्हाचं काही ठेवत नाहीत, आणि पहिल्या रात्री सगळ्यांत धाकटं मूल "आजची रात्र वेगळी का?" असं विचारतं. त्या रात्रीचं पुस्तक पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं; त्यातल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. ऐन पावसाळ्यात मंदिराच्या विध्वंसाचा उपास येतो. तो सोडताना वालाचं बिरडं खायची रीत होती, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. त्याआधीचे तीन आठवडे ते लग्नं करत नाहीत, तारीख काढताना हे विचारून घ्या. आणि काहीही झालं तरी समारंभ शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी दिवसा ठेवू नका. रविवार उत्तम.

लग्नाआधी त्यांच्या घरी मलिदा होईल. पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीची गाणी. एलियाहू हा त्यांचा संदेष्टा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं ते मानतात आणि नवस फेडायला तिथे जातात. मलिदा म्हणजे देवाचे आभार मानणं. तो आनंदाने खा.

आता कायद्याचं. दोघं आपापल्या धर्मात राहणार असतील तर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवा, तीस दिवसांची नोटीस लागते. मुलाला धर्म बदलावा लागत नाही. ज्यू लोक स्वतःहून कुणाला आपल्यात ओढत नाहीत. उलट यायला निघालेल्यालाही वर्षानुवर्षं अभ्यास करायला लावतात. पण परंपरा पाळणारं सिनेगॉग ज्यू आणि बिगरज्यू यांचं लग्न लावत नाही. "सकाळी सप्तपदी, संध्याकाळी त्यांच्या पद्धतीने" असा घाट तुमच्या मनात असेल तर तो सोडून द्या आणि त्यांना नकार द्यायच्या संकटात टाकू नका.

वडील गप्प का होतात, तेही यातच आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला या समाजाची वस्ती वीसेक हजार होती. बहुतेक लोक इस्राएलला गेले, आता भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार उरलेत. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांत ते दहा जमत नाहीत. शिवाय इस्राएलला गेलेल्यांना १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने, तुमच्या वंशात बाहेरचं रक्त आलं नाही ना, अशा चौकश्या लावल्या होत्या. बेने इस्राएल लोकांनी आंदोलन केलं, आणि १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. घराण्याने इतकं सोसून जे जपलं, ते आपल्या मुलीपाशी संपेल का, ही त्या माणसाची काळजी आहे. तुमचा मुलगा त्यांना नापसंत आहे असा अर्थ काढू नका. तुम्ही त्यांना एवढंच सांगा, की तिला आमच्या घरी शुक्रवारचे दिवे लावता येतील आणि नव्या घराच्या चौकटीवर, तोरणाशेजारी, मझुझा लागेल. आणि मग तसंच होऊ द्या.

आजोबांचं काही बरंवाईट झालं तर वेळ न घालवता जा, कारण दफन शक्यतो त्याच दिवशी करतात. हार नेऊ नका. नंतरचे सात दिवस घरची माणसं शोक पाळून बसतात, तेव्हा रोज जेवण पोचवा आणि त्यांनी बोलायला सुरुवात करेपर्यंत शेजारी नुसत्या बसा.

राहिली नातवंडं. ज्यू धर्मशास्त्रात आई ज्यू तर मूल ज्यू. बाप कोण हे बघत नाहीत. म्हणजे तुमची नातवंडं, तुम्ही बारसं कसंही करा, त्यांच्या हिशेबाने जन्मतः ज्यू असतील. हे तुम्हाला आज कळलेलं बरं. तुमच्या मुलाला हे ठाऊक आहे का, ते आधी त्याला विचारा. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करायची की नाही, मुलांना कुठले सण शिकवायचे, तेराव्या वर्षी तोरा वाचायला उभं करायचं का, हे त्या दोघांनी नोटीस देण्याआधी बसून बोलावं. बाळ पाळण्यात असताना, दोन्ही आज्या खोलीत असताना हे ठरवू नये. त्यांचं ठरलं की तुम्ही त्यात बदल सुचवू नका. सुंता करायची ठरली तर तो त्यांच्याकडे मोठा आनंदाचा दिवस असतो. एलियाहूसाठी एक खुर्ची मांडतात, बाळाचं नाव त्याच वेळी ठेवतात. तारीख आधी कळत नाही, तेव्हा बाळंतपणाच्या दिवसांत कुठल्या यात्रेचं बुकिंग करू नका.